भिंतीवरचा कागद आणि कपाटातला करार



आम्ही तिघेचौघे मित्र दर शुक्रवारी सकाळी रुवीतल्या एका चहाच्या दुकानात बसतो. संस्था वगैरे काही नाही, बॅनर नाही. कोणाचा अर्ज भरून दे, कोणाला अरबीतलं पत्र वाचून दाखव, वकिलातीत जाताना कोणते कागद न्यायचे ते सांग, एवढंच चालतं. मी हिशेबनीस, त्यामुळे पगाराची आकडेमोड माझ्या वाट्याला येते. मस्कतमध्ये पंचवीस वर्षं काढली की माणसाला दोन गोष्टी नक्की जमतात: मनातल्या मनात रियालचे रुपये करणं आणि दुसऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट वाचणं.

२०२४ च्या उन्हाळ्यातल्या एका शुक्रवारी दोन माणसं एकापाठोपाठ आली. पहिला गुहागरकडचा खलाशी. त्याच्या जहाजाच्या मालकाने हात वर केले होते आणि जहाज कित्येक आठवडे सोहारच्या बाहेर नांगर टाकून उभं होतं. डिझेल संपत आलेलं, जेवायला नुसता डाळभात, तीन महिन्यांचा पगार थकलेला. पण तो मदत मागायला आलाच नव्हता. विमा कंपनीकडून त्याला थकलेला पगार मिळाला होता, तिकीट हातात होतं, रात्रीच्या विमानाने मुंबईला निघायचं होतं. हिशेब बरोबर आहे का, एवढंच तपासून हवं होतं. हिशेब बरोबर होता.

दुसरी बाई कुर्ल्याची, पस्तिशीची. अल खूदमधल्या एका घरात स्वयंपाक करायला आणि मुलं सांभाळायला आलेली. पाच महिने पगार नाही, आठवड्याची सुट्टी नाही, पासपोर्ट मालकिणीच्या कपाटात. मुंबईत एजंटाने सांगितलेला पगार वेगळा आणि इथे आल्यावर ऐकलेला वेगळा. ती घरी निरोप न देता, भाजी आणायला म्हणून निघून टॅक्सीने आली होती आणि टॅक्सीचे पैसे खलाशाने दिले होते.

तो चहा पीत तिचं सगळं ऐकत होता. मध्येच म्हणाला, "ताई, तुमच्याकडे भिंतीवर कागद नाही लावलेला?"

"कसला कागद?" ती म्हणाली.

त्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात माझं वर्ष-दीड वर्ष गेलं. त्यातून जे हाती लागलं, ते तुमच्यापुढे मांडतो. पटलं नाही तर जरूर भांडा.

खलाशी ज्या कागदाबद्दल बोलत होता तो असा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा, म्हणजे आयएलओचा, समुद्रावर काम करणाऱ्यांसाठी २००६ चा एक करार आहे: मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन. भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला, ओमानने २०२२ मध्ये. त्यात २०१४ साली एक दुरुस्ती झाली आणि ती जानेवारी २०१७ पासून लागू आहे. मालकाने खलाशांना वाऱ्यावर सोडलं तर चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार, अन्नपाणी आणि घरी पोचवण्याचा खर्च यांची हमी मालकाने आधीच विमा उतरवून दिलेली असली पाहिजे. त्या हमीचं प्रमाणपत्र जहाजावर सगळ्यांना दिसेल अशा जागी लावायचं. मालक पळाला तर खलाशाने थेट विमा कंपनीचं दार ठोठवायचं. आणि जहाजाचा झेंडा कुठलाही असो, करार मानणाऱ्या देशाच्या बंदरात ते अडवून ठेवता येतं. जहाज अडकलं की दिवसाला किती डॉलर बुडतात, हे मालकाला कोणी समजावून सांगावं लागत नाही.

आता कुर्ल्याच्या बाईसाठी काहीच कागद नाही असं मुळीच नाही. कागदांचा सुकाळ आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग मस्कतला आले होते, तेव्हा मनुष्यबळाबाबत भारत आणि ओमान यांच्यात सामंजस्य करार झाला. त्याच वर्षी जानेवारीत कामगार पाठवणारे आशियाई देश आणि कामगार घेणारे आखाती देश अबुधाबीत भेटले आणि 'अबुधाबी डायलॉग' सुरू झाला. त्यातही भारत आहे आणि ओमान आहे. २०११ मध्ये आयएलओने घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार संमत केला. डिसेंबर २०१८ मध्ये माराकेशला स्थलांतराविषयीचा जागतिक 'कॉम्पॅक्ट' मान्य झाला आणि नंतर संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १५२ मतांनी संमत झाला. वाचायला बसलात तर दोन रविवार जातील. (आमच्याकडे शुक्रवार-शनिवार.)

पण यातला १८९ क्रमांकाचा करार भारतानेही स्वीकारलेला नाही आणि ओमाननेही नाही. बाकीचे सगळे कागद 'बंधनकारक नाही' या गटातले. त्यात 'सहकार्य करतील', 'माहितीची देवाणघेवाण करतील', 'संयुक्त समिती वेळोवेळी आढावा घेईल' अशी वाक्यं असतात. सामंजस्य करार दोन सरकारांमधला असतो. त्यातलं कलम दाखवून एखादी बाई अल खूदच्या मालकिणीकडे पगार मागू शकत नाही. भिंतीवर लावावं असं त्यात काही नाही आणि म्हणूनच तो कपाटात राहतो.

इथवर वाचून कोणीही म्हणेल, सरळ आहे: बंधनकारक कायदा चांगला, मऊ कायदा फसवा. मलाही आधी असंच वाटत होतं. पण आखातात राहिल्यावर ते इतकं सरळ वाटत नाही.

देशांच्या वरच्या पातळीवर नियम करायचे तर संसद नसते, निवडणूक नसते, पोलीस तर नसतातच. म्हणून जगभर दुसऱ्या वाटा काढल्या गेल्या आहेत. मार्गदर्शक तत्त्वं, आचारसंहिता, नमुना कायदे, एकमेकांचे आढावे, प्रगतिपुस्तकं. युरोपीय संघाने मार्च २००० मध्ये लिस्बनला या प्रकाराला रीतसर नाव दिलं, 'ओपन मेथड ऑफ कोऑर्डिनेशन': उद्दिष्टं सगळ्यांनी मिळून ठरवायची, वाट ज्याने त्याने शोधायची आणि मागे पडेल त्याचं नाव सगळ्यांसमोर वाचायचं.

आखाताने हे आपल्या पद्धतीने आधीच सुरू केलं होतं. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या आखाती सहकार्य परिषदेत मोठे निर्णय एकमतानेच होतात. एक देश नाही म्हणाला की विषय संपला. ओमान नाही म्हणण्यात पटाईत आहे. २००६ मध्ये सामायिक चलनातून बाहेर पडला आणि २०१३ मध्ये आखाती संघराज्याच्या कल्पनेला जाहीर नकार दिला. अशा ठिकाणी सगळ्यांवर बांधील कायदा करणं अवघड, म्हणून परिषदेने 'इस्तिरशादी' कायद्यांची रीत पाडली. इस्तिरशादी म्हणजे मार्गदर्शनापुरता. यातला एक प्रसिद्ध कागद आपल्या मस्कतच्याच नावाचा आहे. विवाह, घटस्फोट, वारसा यांविषयीचा एकसारखा नमुना कायदा, 'मस्कत दस्तऐवज', परिषदेच्या डिसेंबर १९९६ च्या दोहा बैठकीत स्वीकारला गेला, तोही मार्गदर्शक म्हणूनच. कोणावर सक्ती नव्हती. तरी पुढच्याच वर्षी ओमानने आपला कौटुंबिक कायदा केला.

दुपारची सुट्टी घ्या. जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावरचं बांधकाम बंद, हा ओमानचा नियम २००८ पासूनचा. शेजारच्या प्रत्येक देशात थोड्याफार फरकाने असाच नियम आहे. हा आखाती करार नव्हे, कोणी कोणाला भाग पाडलेलं नाही. एकाने केलं, दुसऱ्याने पाहिलं. पगार बँकेतून देऊन सरकारने त्यावर नजर ठेवायची पद्धत अमिरातींनी २००९ मध्ये सुरू केली. ती ओमानपर्यंत आली तीही अशीच. आणि सगळ्यात मोठं उदाहरण एनओसीचं. २०१४ पासून इथे नियम कडक झाला होता: जुन्या मालकाची एनओसी नसेल तर देश सोडा आणि दोन वर्षं परत येऊ नका. किती माणसं त्या एका सहीसाठी झुरली, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. मालक सहीसाठी पैसे मागायचे. १ जानेवारी २०२१ पासून ती अट गेली. करार संपला की एनओसीशिवाय दुसरीकडे जाता येतं. बहरीनने २००९ मध्येच दार किलकिलं केलं होतं, कतारने २०२० मध्ये उघडलं. शेजाऱ्यांनी उघडल्यावर आपलंच दार बंद राहिलेलं बरं दिसत नाही. शिवाय चांगला कारागीर मग शेजाऱ्याकडे जातो.

तेव्हा मऊ कायदा चालतो. लाजेवर चालतो, नकलेवर चालतो आणि थोडा स्वार्थावर चालतो. खाल्ल्या घरचे वासे मोजायचे नाहीत, हे मला कळतं आणि या देशाने गेल्या वीस वर्षांत जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पण लाज वाटायला आधी दिसावं लागतं. दुपारी दोनला उन्हात शिडीवर उभा असलेला माणूस रस्त्यावरून दिसतो. कोणीही फोटो काढू शकतं, तपासनीस गाडी थांबवू शकतो. स्वयंपाकघरातली बाई कोणाला दिसते? म्हणून हीच नकलेची यंत्रणा घरकामगारांपाशी येऊन अडखळते. नोव्हेंबर २०१४ मध्ये कुवेतला आखाती आणि आशियाई मंत्री भेटले, तेव्हा घरकामगारांसाठी आखातभर एकच नमुना करार असावा अशी चर्चा होती. असा करार काही झाला नाही. कुवेतने २०१५ मध्ये स्वतःचा वेगळा कायदा केला, कतार आणि अमिरातींनी २०१७ मध्ये. ओमानचा २०२३ चा नवा कामगार कायदा चांगला आहे, पण घरकामगारांचे नियम वेगळ्या मंत्रालयीन निर्णयाने चालतात. २०२४ मध्ये ती बाई आली तेव्हा लागू होता तो २००४ चा निर्णय. २०२५ मध्ये त्याच्या जागी नवी नियमावली आली. चांगली गोष्ट आहे. आता ती स्वयंपाकघरापर्यंत पोचायची आहे.

पुन्हा त्या खलाशाकडे येतो, कारण इथे मला एक अनपेक्षित गोष्ट सापडली. त्याला वाचवणारी ती २०१४ ची दुरुस्ती कुठल्या संसदेने केली? कुठल्याच नाही. ती आधी एका खास त्रिपक्षीय समितीत ठरली. त्या समितीत सरकारांचे लोक असतात, जहाजमालकांचे असतात आणि खलाशांच्या संघटनांचे असतात. तिथे ठरलं, मग आयएलओच्या परिषदेने मान्य केलं आणि पुढे 'ठरावीक मुदतीत पुरेशा देशांनी विरोध कळवला नाही, तर सगळ्यांची संमती आहे असं धरलं जाईल' या पद्धतीने ती लागू झाली. देशोदेशी पुन्हा मतदान घेत बसावं लागलं नाही. म्हणजे भिंतीवरचा कागदसुद्धा नेहमीच्या कायदा करण्याच्या वाटेने आलेला नाही!

तेव्हा माझा मुद्दा असा. नियम संसदेबाहेर होतात ही माझी तक्रार नाही. ते करताना टेबलाशी कोण बसलं होतं आणि झाल्यावर तो कागद कुठे लावला, हे दोन प्रश्न आहेत. खलाशाच्या कागदाच्या टेबलाशी खलाशी होता. २००८ च्या सामंजस्य करारात दोन्ही बाजूंना सरकारंच आहेत. तिसरी खुर्चीच नाही.

तिसऱ्या खुर्चीचं महत्त्व आपल्याला कोणी युरोपातून येऊन शिकवायची गरज नाही. आयएलओची पहिली परिषद १९१९ मध्ये वॉशिंग्टनला भरली. प्रत्येक देशाचे दोन सरकारी, एक मालकांचा आणि एक कामगारांचा प्रतिनिधी, अशी ती रचना. हिंदुस्थानच्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले ते आपले नारायण मल्हार जोशी, रायगड जिल्ह्यातल्या गोरेगावचे, मुंबईत सोशल सर्व्हिस लीग चालवणारे. त्यांना नेमलं होतं ब्रिटिश सरकारने, कारण कामगारांची देशव्यापी संघटनाच तेव्हा नव्हती. आणि त्या परिषदेत निघालं काय? जगाला आठवड्याचे ४८ तास आणि हिंदुस्थानच्या गिरणी कामगाराला ६० तास, खास कलम घालून! बंधनकारक करारसुद्धा कसा वाकवता येतो, ते यात दिसतं. पण पुढच्याच वर्षी, १९२० मध्ये, मुंबईत आयटक स्थापन झाली आणि तिच्या स्थापनेमागे एक निकड ही होती की आयएलओला पाठवायचा प्रतिनिधी सरकारने नव्हे, कामगारांनी निवडावा. खुर्ची आधी आली, संघटना नंतर.

महाराष्ट्राने पुढे हेच हमालांसाठी केलं. १९६९ चा माथाडी कायदा आठवा. कायद्याने सगळे नियम स्वतः लिहिले नाहीत. मंडळं नेमली, त्यावर मालक आणि कामगार समान संख्येने बसवले, सरकारचे लोक बसवले आणि मजुरी, नोंदणी, वाटप यांच्या योजना या मंडळांतून चालवल्या. माथाडी मंडळांत पुढे काय काय शिरलं, त्यावर एक वेगळा लेख होईल. पण पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाला टेबलाशी खुर्ची मिळाली, हे खरं.

माझा एक मित्र आहे, जुना समाजवादी, आता दुबईत असतो. त्याला मी हे फोनवर सांगितलं तर तो उखडला. म्हणाला, "तू या मऊ कागदांना प्रतिष्ठा देतोयस. सरळ १८९ ची मागणी करा. बंधनकारक म्हणजे बंधनकारक." त्याचं म्हणणं चुकीचं नाही. १८९ ची मागणी केलीच पाहिजे. पण ती मागायला आपण मस्कतच्या कुठल्या दारात उभे राहणार? भारताने स्वतः तो करार स्वीकारलेला नाही. स्थलांतरित कामगारांविषयीचा १९९० चा संयुक्त राष्ट्रांचा करारही नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, पण मंडळ म्हणजे कल्याण. कामाचे तास आणि पगार त्यातून ठरत नाहीत. कुर्ल्याची ती बाई कुर्ल्यातही चार घरी धुणीभांडी करत होती आणि तिथेही भिंतीवर कागद नव्हता.

आणि मऊ कागद नेहमी मऊच असतो असंही नाही, हे मित्राच्या बाजूने सांगायला हवं. कधी कधी तो चांगलाच टोचतो, फक्त चुकीच्या माणसाला. आखातात जाणाऱ्या भारतीय मजुराला किमान किती पगार कबूल केला पाहिजे, तो आकडा भारत सरकार ठरवतं. त्याला 'मिनिमम रेफरल वेज' म्हणतात. हा ना संसदेचा कायदा ना दोन देशांचा करार. हे परिपत्रक. सप्टेंबर २०२० मध्ये, ऐन कोविडमध्ये, परिपत्रक काढूनच हे आकडे ३० ते ५० टक्क्यांनी खाली आणले गेले. ओमानसाठी आकडा झाला महिन्याला २०० डॉलर. नोकऱ्या वाचाव्यात म्हणून, असं कारण दिलं गेलं. गवंडी, सुतार, ड्रायव्हर, कोणालाच विचारलं नव्हतं. रुवीतल्या आमच्या टेबलाशी त्या हिवाळ्यात जुन्याच कामाची नवी कॉन्ट्रॅक्ट घेऊन माणसं यायची आणि विचारायची, "साहेब, हे खरं आहे का?" तेलंगणात स्थलांतरितांसाठी काम करणारे लोक उच्च न्यायालयात गेले, बोंबाबोंब झाली आणि जुलै २०२१ मध्ये जुने आकडे परत आले. एका परिपत्रकाने गेलं, दुसऱ्याने आलं. मधल्या दहा महिन्यांत ज्यांनी सह्या केल्या त्यांचं काय, हे कुठल्याच परिपत्रकात नव्हतं.

व्यापाराच्या करारांकडे पाहिलं की मात्र वेगळंच चित्र दिसतं. जुलै २००६ मध्ये ओमानने कामगार संघटनांना कायदेशीर परवानगी दिली. का? त्या वर्षी अमेरिकेशी मुक्त व्यापार करार झाला होता आणि तो अमेरिकन काँग्रेसपुढे मंजुरीसाठी होता. जे वर्षानुवर्षांच्या चर्चांनी झालं नव्हतं ते काही महिन्यांत झालं आणि २०१० मध्ये ओमानी कामगारांचा महासंघही उभा राहिला. आता १८ डिसेंबर २०२५ ला भारत आणि ओमान यांनी मस्कतमध्ये व्यापक आर्थिक भागीदारीच्या करारावर सह्या केल्या. माणसांच्या येण्याजाण्याबद्दल त्यात आहे. कंपनीतून बदलीवर येणारे अधिकारी, कंत्राटावर सेवा देणारे व्यावसायिक, यांच्यासाठी आकडे आणि मुदती नीट लिहिल्या आहेत. मी स्वतः या वर्गातला, माझ्या मुलाच्या पिढीला याचा उपयोग होईल, मला आनंदच आहे. पण त्याच देशात, त्याच वकिलातीच्या छपराखाली, मॅनेजरसाठी करार आणि मोलकरणीसाठी सामंजस्य, अशी विभागणी कशी झाली? ओमानमधल्या साडेसहा-सात लाख भारतीयांमध्ये मॅनेजर किती आणि बाकीचे किती, हे शुक्रवारी हमरियाच्या चौकात उभं राहून कोणीही मोजावं.

याचं कारण माझ्या मते दुष्टपणा नाही. व्यापार करार करताना दोन्ही देशांचे उद्योग संघ आपापल्या अधिकाऱ्यांना महिनोन्‌महिने भेटत असतात, याद्या देत असतात, टक्केवारीवर घासाघीस करत असतात. त्यांना खुर्ची कोणी द्यावी लागत नाही, ते घेऊन येतात. मोलकरणींचा उद्योग संघ नाही.

म्हणून मला मागायचं आहे ते फार मोठं नाही. २००८ च्या करारातल्या संयुक्त समितीची बैठक होईल तेव्हा तिच्यात दोन्हीकडून कामगारांचा एकेक माणूस बसावा. ओमानकडे महासंघ आहे, आपल्याकडे आयटकपासून घरकामगार संघटनांपर्यंत अनेक आहेत. बैठकीत काय ठरलं ते महिन्याभरात छापलं जावं. आणि वकिलातीत ज्या कॉन्ट्रॅक्टवर शिक्का बसतो त्याची एक पानी प्रत, पगार, तास, सुट्टी आणि तक्रारीचा फोन नंबर एवढंच असलेली, तिच्या भाषेत, ती जिथे काम करते त्या भिंतीवर लागावी. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारत सरकारने १९८३ च्या उत्प्रवास कायद्याच्या जागी आणायच्या नव्या विधेयकाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी खुला केला होता. आमच्या टेबलावरून चार सूचना गेल्या, त्यातली एक हीच होती. उत्तर आलेलं नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख पाठवणं बरोबर नाही. ओमानच्या मंत्रालयाने २००६ मध्येच परिपत्रक काढून मालकांना सांगितलं होतं की कामगारांचे पासपोर्ट ताब्यात ठेवू नका. त्यात शिक्षा लिहिलेली नव्हती. हे परिपत्रक मला माहीत होतं. मी ते शुक्रवारी लोकांना वाचून दाखवत होतो. आणि त्याच काळात आमच्या घरी काम करणाऱ्या ताईंचा पासपोर्ट माझ्या कपाटात, विम्याच्या पॉलिस्यांखाली होता. "हरवेल म्हणून ठेवलाय", असं आम्ही दोघं नवराबायको म्हणायचो आणि आम्हाला ते खरंही वाटायचं. आपल्यातल्या किती घरांत हे चालतं ते मी विचारत नाही. गणपतीला जमतो तेव्हा गप्पांत कानावर येतच असतं.

कुर्ल्याची बाई सात आठवड्यांनी घरी गेली. पाचपैकी दोन महिन्यांचा पगार मिळाला, तोही मालकिणीच्या थोरल्या भावाला लाज वाटली म्हणून. ती गेली त्या रात्री मी कपाट उघडलं आणि ताईंचा पासपोर्ट त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उघडून स्वतःचा फोटो पाहिला आणि म्हणाल्या, "साहेब, मला काढताय का?" पासपोर्ट परत देतात ते कामावरून काढतानाच, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. पंधरा मिनिटं समजावावं लागलं.

आता आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला एक कागद चिकटवलेला आहे. पगार, तारीख, तास, शुक्रवारची सुट्टी, वर्षाची रजा, फोन नंबर. खाली आमच्या दोघांच्या आणि ताईंच्या सह्या. कायद्याने त्याला किती किंमत आहे, ते एका वकील मित्राने मला हसत सांगितलं. पण पहिल्याच महिन्यात ताईंनी त्यावर बोट ठेवून दाखवलं की तारीख पाच आहे आणि आज आठ झाली. आतापर्यंत अकरा घरांनी हा कागद घेतला आहे, दोघांनी सही न करता परत पाठवला.

मराठी, हिंदी आणि मल्याळम प्रत तयार आहे, मागाल त्याला मेलने पाठवतो. आमच्या ताई पूर्व गोदावरीच्या, त्यांना हिंदी बोलता येतं, वाचता येत नाही. सध्याच्या कागदावरचं तेलुगू आमच्या इमारतीतल्या दहावीतल्या मुलीने लिहून दिलंय आणि त्यात 'रजा' या शब्दाच्या जागी काहीतरी भलतंच पडलंय असं त्या म्हणतात. तुमच्यापैकी कोणाला नीट तेलुगू येत असेल तर येत्या शुक्रवारच्या आत कळवा.